उघडलेली धमनी, न टळलेला झटका

एप्रिल २०११. अमेरिकेतल्या पन्नास रुग्णालयांत चाललेल्या 'सॅम्प्रिस' नावाच्या अभ्यासाला निरोप गेला : नवे रुग्ण घेणं थांबवा. ७६४ रुग्ण घ्यायचे ठरले होते, आकडा ४५१ वर पोचला होता. मेंदूतली एखादी मोठी धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद झालेली आणि त्यामुळे गेल्या महिन्याभरात पक्षाघाताचा झटका किंवा झटक्याची चाहूल येऊन गेलेली, अशी ही माणसं होती. त्यांचे दोन गट केले होते. कसून औषधोपचार दोन्ही गटांना होता, एका गटाला त्याशिवाय अरुंद जागी स्टेंटही, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळी, बसवला जात होता. स्टेंटचा गट पुढे राहील या अपेक्षेनेच अभ्यास आखलेला होता. देखरेख समितीने आकडे उघडून पाहिले तर भलतंच. पहिल्या तीस दिवसांत स्टेंटच्या गटातल्या १४.७ टक्के लोकांना नवा झटका आला होता किंवा मृत्यूने गाठलं होतं. नुसत्या औषधांवर ठेवलेल्या गटात हेच प्रमाण ५.८ टक्के होतं.

सप्टेंबरमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने हे सगळं सविस्तर छापलं, तेव्हा मेंदूच्या धमन्यांत स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांची मोठी पंचाईत झाली. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं की अँजिओग्राफीच्या पडद्यावर जिथे रक्ताची धार जेमतेम दिसत होती, तिथे स्टेंटनंतर ती भरून वाहत होती. धमनी उघडली, हे खोटं नव्हतं. मग झटका का यावा?

त्याचं उत्तर एका दिवसात मिळालं नाही. त्यासाठी निदान पन्नास वर्षं मागे जावं लागतं, आणि सुरुवात मेंदूपासून नव्हे तर पायापासून करावी लागते.

१९६४च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात ८२ वर्षांची एक बाई रुग्णालयात पडून होती. मांडीतली धमनी अरुंद झाल्याने पायाला रक्त पोचत नव्हतं, बोटं काळी पडू लागली होती. शल्यचिकित्सकांनी पाय कापायला सांगितलं, बाईने साफ नकार दिला. तिथले क्ष-किरणतज्ज्ञ चार्ल्स डॉटर यांनी त्या अरुंद जागेतून आधी एक बारीक तार नेली आणि तिच्यावरून वाढत्या जाडीच्या नळ्या सरकवत धमनी रुंद केली. पाय वाचला. ती बाई अखेरपर्यंत स्वतःच्या पायांवर चालली. अमेरिकी शल्यचिकित्सकांनी या उद्योगाकडे बरीच वर्षं दुर्लक्ष केलं, युरोपातल्या डॉक्टरांनी मात्र तो उचलला. झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंत्सिग यांनी घरातल्या स्वयंपाकघरात टेबलावर बसून नळीच्या टोकाला चिकटणारे छोटे फुगे बनवले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी जागत्या माणसाच्या हृदयाची धमनी अशा फुग्याने पहिल्यांदा उघडली. फुग्याने उघडलेली धमनी कधी कधी पुन्हा मिटते, म्हणून आत धातूची जाळी ठेवण्याची कल्पना पुढे आली. २८ मार्च १९८६ रोजी फ्रान्समधल्या तुलूझ शहरात जाक प्युएल यांनी हृदयाच्या धमनीत पहिला स्टेंट बसवला.

पायात जमलं, हृदयात जमलं. मेंदूत का जमू नये? प्रश्न रास्तच होता. फक्त तो विचारणाऱ्यांच्या हाताशी एक जुना धडा होता आणि तो बहुतेकांना ऐकायचा नव्हता.

तो धडाही झुरिकमधूनच सुरू झाला. ग्रुंत्सिग यांच्या फुग्याच्या दहा वर्षं आधी, १९६७ मध्ये, तुर्की वंशाचे मेंदूशल्यचिकित्सक गाझी यासारगिल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एक देखणी बायपास शस्त्रक्रिया केली. कवटीच्या बाहेर, कानशिलावर जी धमनी आपल्या बोटांना ठोके देते, ती सोडवून घ्यायची, कवटीला भोक पाडून आत न्यायची आणि मेंदूच्या पृष्ठभागावरच्या धमनीला जोडायची. आतली वाट बंद असली तर बाहेरून रक्त आणून सोडायचं. शिवण्याचा दोरा डोळ्यांना धड दिसत नाही इतका बारीक. जगभरातल्या शल्यचिकित्सकांनी ही कला हौसेने आत्मसात केली आणि हजारो रुग्णांवर वापरली.

या शस्त्रक्रियेने झटके खरोखर कमी होतात का, हे मोजायचं कॅनडातले हेन्री बार्नेट यांनी १९७७ मध्ये मनावर घेतलं. १३७७ रुग्ण, चिठ्ठ्या टाकून केलेले दोन गट, काही वर्षांचा पाठपुरावा. निकाल १९८५ मध्ये आला. जोडलेल्या धमन्यांपैकी ९६ टक्के उत्तम वाहत होत्या, म्हणजे कारागिरीत खोट काढायला जागाच नव्हती. आणि झटके? ते शस्त्रक्रिया झालेल्यांना काकणभर जास्तच आले होते. ज्यांची मेंदूतली मधली धमनी फार अरुंद होती, म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त फायदा व्हायला हवा होता, त्यांची अवस्था शस्त्रक्रियेनंतर विशेष वाईट निघाली. शल्यचिकित्सक चिडले. चांगले रुग्ण अभ्यासाबाहेरच शस्त्रक्रिया करून घेत होते, त्यामुळे निष्कर्ष लंगडा आहे, असा वाद बरीच वर्षं रंगला. पण ती शस्त्रक्रिया या कारणासाठी जवळपास बंद पडली.

सॅम्प्रिसचा निकाल वाचताना हे आकडे आठवले नाहीत असा जुना मेंदूविकारतज्ज्ञ विरळाच असेल.

मेंदूच्या धमनीत फुगा नेण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या थोरल्फ संड्ट यांचा. १९८० मध्ये त्यांनी मेंदूच्या बुंध्याला रक्त पुरवणारी बॅसिलर धमनी अरुंद झालेल्या दोन रुग्णांची हकीकत छापली. तिथून पुढची दहा-पंधरा वर्षं हे काम तुरळकच चाललं. कारण साधं होतं, हत्यारंच नव्हती. हृदयासाठी बनवलेला फुगा किंवा स्टेंट जांघेतून वर न्यायचा तर वाटेत मानेतली कॅरॉटिड धमनी लागते. ती कवटीच्या तळाशी हाडातल्या बोगद्यात शिरते आणि तिथे इंग्रजी 'एस'सारखी दोन वळणं घेते. ताठ नळी त्या वळणावर अडते, आणि जोर लावला तर धमनीच फाटायची भीती.

धमन्यांची जातही वेगळी. हृदयाच्या धमन्या स्नायू आणि चरबीत रुतून बसलेल्या असतात. बाहेरून त्यांना आधार असतो, आणि बारीकशी चीर पडली तरी भोवतालची ऊती ती बऱ्याचदा दाबून धरते. मेंदूच्या धमन्या कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात मोकळ्या असतात. त्यांची बाहेरची भिंत पातळ असते. मधली मोठी धमनी म्हणजे जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचा व्यास. ती फाटली तर रक्त थेट मेंदूभोवती पसरतं आणि ते थोपवायला तिथे काहीच नसतं.

आणखी एक गोष्ट पडद्यावर नीट दिसतच नव्हती. मेंदूतल्या मोठ्या धमन्यांच्या भिंतीतून केसाएवढ्या बारीक फांद्या सरळ खोल मेंदूत शिरतात. हात-पाय हलवणाऱ्या तंतूंना, जाग ठेवणाऱ्या केंद्रांना रक्त याच फांद्यांतून मिळतं. त्यांना पर्यायी वाट नसते. एक फांदी बुजली की तेवढा भाग मेलाच. बॅसिलर धमनीच्या भिंतीवर तर अशा फांद्या ओळीने बसलेल्या असतात. अँजिओग्राफीत मोठी धमनी झकास दिसते, या फांद्या बहुतेक दिसत नाहीत. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मर्म इथे आहे.

१९९०च्या दशकाच्या मध्याला हृदयाचे स्टेंट जरा लवचीक झाले आणि धीटपणा वाढला. १९९६ मध्ये कवटीच्या आतल्या कॅरॉटिड धमनीत हृदयाचा 'पाल्माझ-शाट्झ' स्टेंट बसवल्याची पहिली नोंद छापली गेली, तीही हृदयरोगाच्या नियतकालिकात. पाठोपाठ इतरांनी हात घातला. २००० मध्ये अलाबामातल्या कामिलो गोमेझ यांनी बॅसिलर धमनी अरुंद झालेल्या १२ रुग्णांत स्टेंट बसवल्याचं लिहिलं. तो लेख वाचून अनेक केंद्रांत हुरूप आला. मात्र त्याच सुमारास एलाड लेव्ही आणि सहकाऱ्यांनी आपले वाईट अनुभवही लपवले नाहीत. स्टेंट बसला, धमनी उघडली आणि रुग्णाच्या मेंदूच्या बुंध्यातच झटका आला, असं त्यांच्याकडे घडलं होतं. नांगराच्या फाळाने ढेकळं बाजूच्या पाटात लोटली जावीत, तशी धमनीच्या भिंतीवरची चरबी स्टेंटच्या दाबाने त्या बारीक फांद्यांच्या तोंडात लोटली जात असावी, असा त्यांचा कयास होता. म्हणून त्यांनी सुचवलं की आज फक्त फुगा फुगवावा, स्टेंट महिन्याभराने, भिंत जरा सावरल्यावर. सूचना शहाणपणाची होती. ती फारशी पाळली गेली नाही.

जपानचे ताकाहिसा मोरी यांनी आणखी एक मोलाचं काम केलं. त्यांनी अरुंद जागांचे तीन प्रकार पाडले. पाच मिलिमीटरहून आखूड आणि सरळ वाटेवरची ती पहिल्या प्रकारची. दहा मिलिमीटरहून लांब किंवा वळणावरची ती तिसऱ्या प्रकारची. फुग्याने उघडल्यावर वर्षभरात पहिल्या प्रकारातली एकही जागा पुन्हा मिटली नाही. तिसऱ्या प्रकारातल्या सगळ्या मिटल्या. म्हणजे 'स्टेंट चांगला की वाईट' हा प्रश्नच अर्धवट होता. कुठली जागा, किती लांब, कुठल्या वळणावर, हे विचारायला हवं होतं. पण यंत्रसामग्री बनवणाऱ्या कंपन्या आणि उतावळे डॉक्टर यांच्या घाईत असे बारकावे मागे पडतात.

घाईलाही एक खरं कारण होतं. औषधं पुरत नव्हती. मेंदूतल्या अरुंद धमनीला तेव्हा दोनच उपाय होते, अ‍ॅस्पिरिन आणि वॉरफरिन. अ‍ॅटलांटातल्या एमरी विद्यापीठाचे मार्क चिमोविट्झ यांनी 'वॉसिड' नावाच्या अभ्यासात ५६९ रुग्णांवर या दोन्हींची तुलना केली. २००३ मध्ये तो मध्येच थांबवावा लागला, कारण वॉरफरिन घेणाऱ्यांत मृत्यू ९.७ टक्के तर अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत ४.३ टक्के झाले होते. झटके टाळण्यात मात्र दोन्ही सारखीच होती. २००५ मध्ये निकाल छापला गेला आणि वॉरफरिनचा दबदबा संपला. त्यातूनच दुसरी गोष्ट लख्ख दिसली : धमनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद असेल आणि झटका नुकताच येऊन गेला असेल, तर पुढचा झटका येण्याचा धोका भयंकर असतो, विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत. स्टेंटवाल्यांनी यावरून हिशेब मांडला की धोका लवकरच्या दिवसांत जास्त, तर स्टेंटही लवकरच बसवायला हवा. हिशेब कागदावर बिनचूक होता.

तोवर मेंदूसाठी खास बनवलेले स्टेंट आले होते. गायडंट कंपनीच्या 'न्यूरोलिंक'चा अभ्यास ६१ रुग्णांवर झाला. तीस दिवसांत झटके ६.६ टक्के, पण सहा महिन्यांत कवटीच्या आतल्या जवळपास एक तृतीयांश धमन्या पुन्हा निम्म्याहून जास्त मिटल्या. त्याला अमेरिकेत मर्यादित मान्यता मिळाली, पण तो बाजारात काही आला नाही. मैदान मिळालं ते बोस्टन सायंटिफिकच्या 'विंगस्पॅन'ला.

विंगस्पॅनची रचना खरोखर हुशारीची होती. निटिनॉल या लवचीक मिश्रधातूची जाळी, नळीत दाबून भरलेली. नळी मागे ओढली की जाळी आपोआप हलकेच उघडते, आत फुगा फुगवून तिला भिंतीवर दाबायची गरज नाही. कामाची रीत अशी. जांघेतून वर नेलेली बारीक तार अरुंद जागेपलीकडे, धमनीच्या बऱ्याच पुढच्या भागापर्यंत सरकवायची. तिच्यावरून फुगा नेऊन तो धमनीच्या मूळ रुंदीपेक्षा थोडा कमीच फुगवायचा, आणि तोही अगदी सावकाश. मग फुगा बाहेर काढायचा. तार तशीच जागेवर धरून ठेवायची. त्याच तारेवरून दुसरी नळी नेऊन जाळी सोडायची. या अदलाबदलीत तारेचं टोक मिलिमीटरभर जरी पुढे सरकलं तरी ते बोटभर लांबच्या, सुतळीहून कितीतरी बारीक अशा शाखेला टोचू शकतं. डॉक्टरचे डोळे अरुंद जागेवर खिळलेले असतात. टोक पडद्याच्या कडेला असतं.

२००५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, विंगस्पॅनला परवानगी दिली. ती कोणत्या वाटेने दिली हे बघण्यासारखं आहे. तेव्हाच्या नियमानुसार वर्षाला ४००० पेक्षा कमी अमेरिकी रुग्णांना लागणाऱ्या उपकरणासाठी एक सवलतीची वाट होती. ते गुणकारी आहे हे सिद्ध करायची गरज नाही, सुरक्षित आहे आणि बहुधा फायदा होईल एवढं दाखवलं की पुरे. दुर्मिळ आजारांसाठी ही सोय चांगलीच आहे, एरवी त्यांच्यासाठी कुणी काही बनवणारच नाही. विंगस्पॅनचा पुरावा म्हणजे युरोप-आशियातले ४५ रुग्ण, आणि त्यांच्याशी तुलना करायला दुसरा गट नाही. तीस दिवसांतले झटके-मृत्यू ४.५ टक्के. हा आकडा सगळ्यांच्या तोंडी बसला. पुढे अमेरिकी केंद्रांच्या नोंदी येऊ लागल्या, तेव्हा एका नोंदवहीत १२९ रुग्णांत हेच प्रमाण ९.६ टक्के निघालं. निवडलेल्या मोजक्या रुग्णांतून बाहेर पडून रोजच्या रुग्णांत गेलं की आकडे असे चढतात. पण तुलनेचा गट नसला की ९.६ म्हणजे जास्त की कमी, हे कोण ठरवणार?

इथे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्याने, मेडिकेअरने, एक भूमिका घेतली. तिचं श्रेय मेडिकेअरला क्वचितच दिलं जातं. नोव्हेंबर २००६ मध्ये त्यांनी ठरवलं की मान्यताप्राप्त अभ्यासात सामील असलेल्या रुग्णाचेच पैसे मिळतील. खिशाला कात्री लागल्यावर अभ्यास करणं भाग पडलं. २००८च्या नोव्हेंबरमध्ये सॅम्प्रिस सुरू झाला. पैसा सरकारी संशोधन संस्थेचा आणि प्रमुख पुन्हा चिमोविट्झच.

सॅम्प्रिसची चर्चा नेहमी स्टेंटभोवती फिरते. खरं तर त्याची सगळ्यात मोठी कामगिरी औषधांच्या गटात होती. रोज ३२५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, पहिले ९० दिवस जोडीला ७५ मिलिग्रॅम क्लोपिडोग्रेल. वरचं बीपी १४० च्या खाली, मधुमेह असेल तर १३० च्या खाली. घातक कोलेस्टेरॉल ७० च्या खाली आणायचं, त्यासाठी रोसुव्हास्टॅटिन. या गोळ्या रुग्णांना अभ्यासातर्फे मिळत. शिवाय एक प्रशिक्षित माणूस त्यांना ठरावीक काळाने फोन करून विचारपूस करायचा : सिगारेट सुटली का, चालायला जाता का, वजन किती, काय खाता? एरवी डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात आणि सहा महिन्यांनी भेटतात. इथे कुणीतरी पाठपुरावा करत होतं. वॉसिडमधल्या तशाच रुग्णांत वर्षभरातल्या झटके-मृत्यूंचं प्रमाण सुमारे २५ टक्के होतं, सॅम्प्रिसच्या औषधांच्या गटात ते १२.२ टक्क्यांवर आलं. जवळपास निम्मं. त्याच वर्षात स्टेंटच्या गटाचं प्रमाण २० टक्के होतं.

म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. स्टेंट अपेक्षेपेक्षा वाईट निघाला आणि औषधं अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगली निघाली. टीकाकारांना पहिली गोष्ट लगेच दिसली, दुसरी पचायला वेळ लागला.

पहिल्या तीस दिवसांत स्टेंटच्या गटात ३३ झटके आले. त्यातले दहा मेंदूतल्या रक्तस्रावाचे होते. औषधांच्या गटात असा एकही नव्हता. काही रक्तस्राव तारेने धमनीला भोक पडल्याचे, काही कित्येक दिवस उपाशी असलेल्या मेंदूत एकाएकी भरपूर रक्त लोटल्याचे. उरलेल्या झटक्यांपैकी बरेचसे त्या पडद्यावर न दिसणाऱ्या बारीक फांद्या बुजल्यामुळे आले होते. लेव्हींचा दहा वर्षांपूर्वीचा कयास आता आकड्यांत उतरला होता. वेळेचाही वाटा होता. रुग्णांना झटक्यानंतर साधारण आठवडाभरातच, मध्यक काढला तर सात दिवसांनी, अभ्यासात घेतलं गेलं होतं. म्हणजे भिंतीवरची चरबी अजून ओली, तडकलेली, गुठळ्या चिकटलेली असताना तिच्यावर फुगा फुगवला जात होता. 'धोका लवकरच्या दिवसांत, म्हणून स्टेंटही लवकर' या हिशेबात हेच गाळलं गेलं होतं.

वाद झालाच. काही केंद्रांतल्या डॉक्टरांना पुरेसा अनुभव नव्हता, रुग्णांची निवड चुकली, फार लवकर केलं, असे आक्षेप आले. यातले काही बिनबुडाचे नव्हते. पण पंचवीसेक वर्षांपूर्वी बायपासवाल्यांनी काढलेले सूर यांच्यात ओळखू येत होते. 'पब्लिक सिटिझन' या ग्राहकहिताच्या संघटनेने विंगस्पॅन बाजारातूनच काढा अशी मागणी केली. ऑगस्ट २०१२ मध्ये एफडीएने मधला मार्ग काढला. स्टेंट राहू दिला, पण कडक कुंपण घालून. वय २२ ते ८०. धमनी ७० टक्क्यांहून अरुंद. कसून औषधं चालू असताना दोन किंवा अधिक झटके आलेले. शेवटच्या झटक्याला सात दिवसांहून जास्त लोटलेले. २०१५ मध्ये 'व्हिसिट' नावाच्या दुसऱ्या अभ्यासाचा निकाल आला. स्टेंट वेगळा, फुग्याने उघडणारा. कल तोच, किंबहुना जास्त वाईट : तीस दिवसांत झटका, मृत्यू किंवा झटक्याची ठळक चाहूल मिळून २४.१ टक्के विरुद्ध ९.४ टक्के. हाही अभ्यास सॅम्प्रिसनंतर अर्धवट थांबवलेला होता. रुग्ण फक्त ११२.

गंमत म्हणजे याच काळात मेंदूतल्या जाळीला तिचं खरं काम सापडलं. 'सॉलिटेअर' ही जाळी धमनीवरच्या फुगवट्यांच्या उपचारासाठी बनवली होती. २००८ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला हान्स हेंकेस यांनी ती गुठळीने बंद झालेल्या धमनीत उघडली आणि आत न सोडता, गुठळी जाळीत अडकवून, सगळीच्या सगळी बाहेर ओढली. तीव्र झटक्यात धमनी अशी साफ करण्याचा फायदा २०१५च्या जानेवारीत हॉलंडच्या 'एमआर क्लीन' अभ्यासाने ५०० रुग्णांत सिद्ध केला. तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे रुग्ण १९.१ टक्क्यांवरून ३२.६ टक्क्यांवर गेले. त्या वर्षी पाठोपाठ आणखी अभ्यास तेच सांगत आले. ज्या केंद्रांनी अरुंद धमन्यांत स्टेंट बसवताना नळ्या-तारांवर हात बसवला होता, त्यांचं ते कसब इथे कारणी लागलं. झालेला सगळा खटाटोप वाया गेला असं म्हणता येणार नाही ते यामुळे.

अरुंद धमनीचा मूळ प्रश्न मात्र तसाच होता, आणि तो पुढे चीनने हाती घेतला. कारण उघड आहे. गोऱ्या लोकांत झटक्याचं मूळ बऱ्याचदा मानेतल्या धमनीत किंवा हृदयात सापडतं. चिनी, कोरियन, भारतीय आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत ते कवटीच्या आतल्या धमन्यांत कितीतरी जास्त वेळा सापडतं. आपल्याकडे हैदराबादच्या निझाम संस्थेतल्या डॉक्टरांनी नोंदी ठेवून हे फार पूर्वी दाखवलं आहे. तेव्हा हा अमेरिकेतल्या ४००० माणसांचा दुर्मिळ आजार म्हणून कायद्याच्या सवलतीत बसत असला, तरी आशियात तो घरोघरचा आहे.

चीनमधल्या आठ केंद्रांनी 'कॅसिस' अभ्यासात अमेरिकेच्या चुका एकेक करून सुधारल्या. झटक्यानंतर निदान तीन आठवडे थांबायचं. ज्यांचा झटका मुळात बारीक फांद्या बुजल्याने आला त्यांना वगळायचं. हात बसलेल्या डॉक्टरांनीच काम करायचं. २०२२ मध्ये निकाल आला. वर्षभरात स्टेंटच्या गटात ८ टक्के, औषधांच्या गटात ७.२ टक्के. धोका कमी झाला, हे मोठंच यश. पण फायदा? तो काही दिसला नाही.

मग २०२४ मध्ये चीनच्याच 'बेसिस' अभ्यासाने वेगळी वाट धरली. स्टेंटच नको. लहानसा फुगा, पूर्ण न फुगवता, हळूच. धमनी साफ उघडली नाही तरी चालेल, रक्ताला वाट झाली म्हणजे झालं. सुमारे पाचशे रुग्ण. वर्षभरात झटका, मृत्यू किंवा तीच धमनी पुन्हा उघडावी लागणं, हे सगळं मिळून फुग्याच्या गटात ४.४ टक्के, नुसत्या औषधांवर १३.५ टक्के. अरुंद धमनीवर हत्यार चालवून औषधांना हरवल्याचा हा पहिला ठोस निकाल. १९८० मध्ये संड्ट यांनी मेयोमध्ये जे केलं होतं, त्याच्या जवळ पोचायला चव्वेचाळीस वर्षं लागली, असं कुणी म्हटलं तर ते फार चूक ठरणार नाही. हा निकाल इतर देशांतल्या रुग्णांत तसाच येतो का, हे मात्र अजून दिसायचं आहे.

आज मुंबई-पुण्यातल्या रुग्णालयांतही मेंदूच्या धमन्या अशा फुग्याने किंवा स्टेंटने उघडल्या जातात आणि नेमक्या रुग्णाला त्याचा उपयोगही होतो. सॅम्प्रिसच्या विजयी गटातल्या गोळ्या आपल्याकडे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जेनेरिक स्वरूपात मिळतात. महिन्याचा खर्च स्टेंटच्या किमतीपुढे किरकोळ. अडचण गोळ्यांची नसते, त्या घेत राहण्याची असते. हात पुन्हा उचलता येऊ लागला, बोलणं स्पष्ट झालं की घरातले लोक निःश्वास सोडतात आणि गोळ्या हळूहळू बंद होतात.

घरातल्या कुणाच्या अहवालात मेंदूतली धमनी अरुंद असल्याचं लिहून आलं आणि 'लगेच स्टेंट टाकून घ्या' असा सल्ला मिळाला, तर घाबरून सही करण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा. झटका आला तेव्हा रुग्ण अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन्ही गोळ्या आणि कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन पूर्ण मात्रेत, नियमितपणे घेत होता का? आणि शेवटच्या झटक्याला किती दिवस झाले? पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल किंवा दुसऱ्याचं 'चार-पाच दिवस', तर दुसऱ्या एखाद्या मेंदूविकारतज्ज्ञाचं मत घ्या. आणि ते घेईपर्यंत चालू गोळ्यांतली एकही चुकवू नका.